आधी खिसे बघायचे

बस, मुली. त्या पालथ्या बादलीवर बस.
किती प्रश्न आहेत तुझ्या कागदावर? एकवीस?
मग मी हात चालू ठेवते. साबण वाळला की वाया जातो.

नाव लिही, काटुंगू.
नवऱ्याचा रकाना कोरा सोड.
तो कोळसा घेऊन खालच्या रस्त्याने गेला
आणि परत आली नुसती त्याची चुकुडू,
निलगिरीच्या लाकडाची, दोन चाकांची,
दांड्याला त्याचाच रुमाल बांधलेला.
कुणी आणून भिंतीला टेकवली, आजवर कळलं नाही.
ज्याने आणली त्याला तरी लाज होती थोडी.

अकरा वर्षं या छावणीचे कपडे धुतले मी.
पाच देश आले नि गेले,
दंडावरचे झेंडे बदलले,
कॉलरचा मळ तोच.
भिजवण्याआधी खिसे बघायचे, हा माझा नियम.
बडीशेप निघायची. कुणाच्या देवाची तसबीर.
कागदाच्या पुडीत एका लेकीचा पडलेला दुधाचा दात:
तो मी स्वतः नेऊन दिला, तर तो शिपाई
माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभा राहिला.

आणि एकदा साहेबाच्या कोटात नकाशा.
आमचा डोंगर होता त्यावर, नदी होती,
ओढ्याकाठचा बाजार मात्र नव्हता.
तिथे कॉफीचा डाग.
पुढच्या वर्षी नेमकी तिथेच चौकी बसली,
वाळूची पोती, वर झेंडा, आमच्या रक्षणासाठी.
बाजार उठला.
आता बघ, बाजारात मीठ मोजता मोजता कळायचं
रात्री कुणाची कुत्री भुंकली,
कुणाचा पोरगा नवे बूट घालून आला,
कोण उधारी न देताच गाव सोडून गेलं.
चौकीला दुर्बीण होती. तिला बूट दिसायचे,
नवे आहेत हे दिसायचं नाही.

सातवा प्रश्न पुन्हा वाच.
'तुम्हाला सुरक्षित केव्हा वाटतं?'
गुरुवारी.
हसू नकोस, गुरुवारीच लिही.
बाजार आम्ही चर्चमागे हलवला,
आणि पालुकू म्हातारा पलीकडच्या डोंगरावर
एकटा गेला, केळ्याची दारू घेऊन.
ठरलं, गुरुवारी बंदूक खाली ओढ्यापलीकडेच राहील.
दोनदा मोडलं ते. एकदा त्यांनी, एकदा आमच्या पोरांनी.
दोन्ही वेळा बकरी द्यावी लागली, माफी मागावी लागली,
एका पोराला मामाच्या गावी पाठवलं.
पुढच्या गुरुवारी मीठ परत आलं.
राजधानीत तुमच्या लोकांनी सह्या केल्या तो कागद
छान होता म्हणतात. मोडला तेव्हा
कुणाकडे जाऊन भांडायचं, ते त्यात लिहिलं नव्हतं.

'शाश्वत' म्हणजे किती वर्षं, मुली?
पाच?
हे घमेलं त्याहून जुनं आहे.

नाही, तुमची माणसं वाईट नव्हती.
त्यांनी पूल बांधला, तो अजून आहे.
ती होती त्या रात्री मी बूट काढून झोपले,
ही काही लहान गोष्ट नाही, हेही लिही.
पण पहाटे त्याच पुलावरून ट्रक जातात,
डोंगर पोत्यांत भरून.
पोती कुठे उतरतात, कोण पैसे मोजतं,
त्या पैशाच्या बंदुका होऊन कोणत्या वाटेने वर येतात
हा बाविसावा प्रश्न कुठाय?
बघ, पान उलटून बघ.

शनिवारी छावणी उठणार.
तार राहू द्या म्हणावं, काटे तेवढे काढून न्या.
वाळत घालायला बरी आहे.
एक शर्ट उरलाय, नाव पुसट झालंय,
कुणी मागायला आलं नाही.
त्याच्या खिशात किल्ली आहे. कुठल्या दाराची, कुणास ठाऊक.
ठेवून देते.

थांब, निघालीस कुठे?
तुझ्या कोटावर आमच्या रस्त्याचा चिखल उडालाय.
असा घेऊन जाशील तर तिकडे कोरडा होईल,
मग निघणार नाही.
काढ तो. पैसे नकोत.
आधी खिसे दाखव.